डिस्क मोकळी, तरी सर्व्हर थांबलेला: सुरक्षा सॉफ्टवेअर आणि फाइल यांच्यामध्ये काय घडते

१९ जुलै २०२४ च्या सकाळी, आपल्याकडे ९ वाजून ३९ मिनिटे झाली असताना, क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठीची एक लहानशी अद्ययावत फाइल जगभरच्या ग्राहकांच्या संगणकांवर पाठवली. तुलनेसाठी वीसच मूल्ये पुरवलेली असताना त्या फाइलमधल्या नव्या नियमाने एकविसावे मूल्य मागितले, सॉफ्टवेअर स्मृतीच्या हद्दीबाहेर वाचायला गेले आणि स्वतःबरोबर अख्खे विंडोज घेऊन कोसळले. ७८ मिनिटांनी ती फाइल मागे घेण्यात आली, परंतु तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणकांवर तिचा परिणाम झाला होता. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले आणि त्यांची छायाचित्रे अनेकांनी पाहिली.

त्या दिवशी पुष्कळांना पडलेला प्रश्न रास्त होता: संरक्षणासाठी बसवलेला एक प्रोग्रॅम संपूर्ण यंत्र कसे काय बंद पाडू शकतो? त्याचे उत्तर तो प्रोग्रॅम यंत्रात ज्या जागी बसलेला असतो त्या जागेत आहे, आणि त्याच जागेमुळे दुसरा एक त्रास रोज कुठे ना कुठे होत असतो, ज्याची बातमी कधी होत नाही. सर्व्हर चालू असतो, डिस्क निरोगी असते, मात्र फाइल उघडायला वेळ लागतो, अधूनमधून ‘परवानगी नाही’ असा संदेश येतो, डेटाबेस सुरूच होत नाही. हा लेख त्या दुसऱ्या त्रासाबद्दल आहे.

समजा, तालुक्याच्या गावी एक पतसंस्था आहे. दिवसाचे व्यवहार संपल्यावर तिचा डे-एंड, म्हणजे दिवसअखेरचा हिशेब, चाळीस मिनिटांत होत असे. एका सोमवारपासून त्याला तीन तास लागू लागले. सॉफ्टवेअर पुरवणारा म्हणतो की सर्व्हर जुना झाला, सर्व्हर पुरवणारा म्हणतो की सॉफ्टवेअर जड झाले. संस्था कर्ज काढल्यासारखा खर्च करून नवी डिस्क बसवते आणि तरीही रात्री साडेनऊ वाजता कर्मचारी पडद्याकडे पाहत बसलेले असतात. अशा ठिकाणी मधला तिसरा कोणी तपासलाच जात नाही, कारण तो कोणाच्या नजरेत नसतो.

## फाइल उघडते म्हणजे काय होते

जुन्या कचेरीतला दप्तरखाना डोळ्यांसमोर आणावा. आत मांडण्यांवर रुमालांत बांधलेली दप्तरे आहेत. कारकुनाला एखादे दप्तर हवे असेल, तर तो स्वतः आत जात नाही. चिठ्ठी देतो, दप्तरदार ते काढून आणतो आणि काम झाल्यावर परत ठेवतो. संगणकातही लेखांकनाचा प्रोग्रॅम किंवा डेटाबेस डिस्कला थेट हात लावत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे मागणी करतो. या गाभ्याला कर्नल म्हणतात. यंत्रातल्या प्रत्येक वस्तूवर त्याचा पूर्ण अधिकार असतो आणि तो चुकला तर त्याला सावरणारा वर कोणी नसतो.

आता दप्तरखान्याच्या दारात एक तपासनीस बसवला आहे अशी कल्पना करावी. आत जाणारी प्रत्येक चिठ्ठी आणि बाहेर येणारे प्रत्येक दप्तर त्याच्या हातून जाते. तो दप्तर उघडतो, पाने चाळतो, संशयास्पद काही नसेल तर पुढे देतो, आणि तो ‘हं’ म्हणेपर्यंत कारकून हात बांधून उभा असतो. अँटिव्हायरसचे फाइल तपासणारे अंग अगदी असेच बसवलेले असते. त्याला फिल्टर ड्रायव्हर म्हणतात: कर्नलच्या आत, प्रोग्रॅम आणि डिस्क यांच्या वाटेवर मांडलेले एक चौकीवजा सॉफ्टवेअर. ते तिथे असणे आवश्यकच आहे, कारण घातक फाइल उघडली जाण्यापूर्वी अडवायची, तर उघडण्याच्या वाटेवरच उभे राहावे लागते. परंतु तिथे उभ्या असलेल्याचा पाय घसरला तर १९ जुलैसारखे संपूर्ण यंत्र पडते, आणि तो नुसता रेंगाळला तर मागे रांग लागते.

## दारात एकच तपासनीस नसतो

विंडोजमध्ये या चौक्यांना क्रमांक दिलेले असतात. मायक्रोसॉफ्ट त्या क्रमांकाला ‘उंची’ म्हणते आणि तो वाटून देण्याचे काम स्वतःकडे ठेवते. अँटिव्हायरससाठी ३,२०,००० ते ३,२९,९९८ हा पट्टा राखून ठेवलेला आहे. विंडोजबरोबर येणाऱ्या डिफेंडरचा क्रमांक ३,२८,०१० आहे. हालचालींवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअरे त्याच्या वर, ३,६०,००० पासून ३,८९,९९९ पर्यंतच्या पट्ट्यात बसतात, तर फायली कुलूपबंद करणारी, म्हणजे एन्क्रिप्शन करणारी, बरीच खाली १,४०,००० च्या घरात असतात. ज्याचा क्रमांक मोठा, त्याच्याकडे मागणी आधी येते. प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘एफएलटीएमसी’ हा आदेश दिला की त्या सर्व्हरवर त्या क्षणी कोणकोणत्या चौक्या आहेत याची यादी क्रमांकांसह समोर येते. माझ्या मते अशा कोणत्याही तक्रारीत पहिला आदेश हाच द्यावा. दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या एखाद्या उत्पादनाचा ड्रायव्हर त्या यादीत अजून बसलेला दिसणे अशक्य नसते, आणि बॅकअपचे, फायलींच्या प्रती ठेवणारे, प्रिंटवर लक्ष ठेवणारे असे आणखी काही पाहुणेही तिथेच भेटतात.

या यादीत दोन अँटिव्हायरस दिसले, तर बहुधा निम्मे उत्तर मिळाले. घरगुती विंडोज १० किंवा ११ वर दुसऱ्या कंपनीचे अँटिव्हायरस बसवले की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. सर्व्हरवरचे विंडोज तसे वागत नाही. विंडोज सर्व्हर २०१६ पासून डिफेंडर सोबतच येतो आणि दुसरे उत्पादन आले तरी आपोआप माघार घेत नाही. त्याला निष्क्रिय करण्याचे किंवा काढण्याचे काम प्रशासकाला स्वतः करावे लागते. ते राहून गेले की एका दारात दोन तपासनीस बसतात. पहिला दप्तर चाळण्यासाठी उघडतो, त्याने ते उघडले म्हणून दुसरा तपासायला धावतो, आणि कारकुनाची चिठ्ठी तिथेच पडून राहते.

## अडथळा कोणत्या रूपांत दिसतो

सर्वांत साधे रूप म्हणजे विलंब. एकदा तपासलेली फाइल बदलली नसेल, तर बहुतेक उत्पादने ती ध्यानात ठेवतात आणि पुन्हा तपासत नाहीत. म्हणून क्वचित बदलणाऱ्या फायलींचा त्रास फार होत नाही. त्रास होतो तो हजारो लहान फायली सतत तयार होत, बदलत आणि पुसल्या जात असतील तेव्हा: मेल सर्व्हरवरची रांग, स्कॅन केलेल्या कागदपत्रांचे भांडार, एखाद्या अहवालासाठी बनणाऱ्या तात्पुरत्या फायली. एका फाइलमागे गेलेला क्षण नगण्य असतो, पण डे-एंडमध्ये तशा दोन लाख फायली बनत असतील आणि प्रत्येकीमागे सेकंदाचा विसावा भाग वाढला, तर हिशेब पावणेतीन तासांच्या आसपास जातो.

दुसरे रूप अधिक गोंधळात पाडणारे आहे. दप्तरखान्याचा नियम असा की काही दप्तरे एका वेळी एकाच व्यक्तीला मिळतात. डेटाबेस आपली मूळ फाइल उघडताना सांगतो, ‘ही मी वापरत असेपर्यंत दुसऱ्या कोणाला देऊ नये.’ नेमके त्याच क्षणी तपासनीसाने ती फाइल हातात धरलेली असेल, तर डेटाबेसला नकार मिळतो. विंडोजच्या भाषेत हा ३२ क्रमांकाचा दोष आहे: फाइल दुसऱ्या प्रक्रियेच्या वापरात आहे. एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचे डेटाबेस सांभाळणारे सॉफ्टवेअर) चालू होत असताना असे झाले, तर तो डेटाबेस ‘रिकव्हरी पेंडिंग’ अवस्थेत अडकतो, आणि सकाळी कार्यालय उघडल्यावर फोन येतो की डेटा गेला. डेटा कुठेही गेलेला नसतो. फाइल मोकळी झाल्यावर तो डेटाबेस पुन्हा ऑनलाइन घेतला की बहुधा काम सुरू होते. या अवस्थेत घाबरून दुरुस्तीचे आदेश चालवणे किंवा जुना बॅकअप वरून टाकणे यानेच खरे नुकसान होते, म्हणून इथे थांबून पाहणे फार महत्त्वाचे आहे.

याच जातीचा आणखी एक प्रकार आहे. पुष्कळ प्रोग्रॅम फाइल जतन करताना आधी तात्पुरती प्रत लिहितात, जुनी फाइल पुसतात आणि मग तात्पुरतीला जुन्या फाइलचे नाव देतात. विंडोजमध्ये, विशेषतः जुन्या आवृत्त्यांत, पुसायला सांगितलेली फाइल जोवर कोणीतरी उघडून धरलेली आहे तोवर ती खऱ्या अर्थाने जात नाही. तिचे नाव अडलेले राहते. तपासनीसाने जुनी फाइल एखादा क्षण जास्त धरली, तर त्या नावाची नवी फाइल बनवताना ‘परवानगी नाही’ असा दोष येतो. एका मिनिटाने तेच काम सुरळीत पार पडते. मग अधिकार तपासले जातात, ते बरोबर निघतात, कोणीतरी वैतागून सर्वांना सर्व अधिकार देऊन टाकतो, आणि मूळ दोष तसाच राहून वर सुरक्षेला भगदाड पडते.

आणि तिसरे, अलीकडे वाढलेले: फाइलमध्ये विषाणू नसतानाही अडवणूक. खंडणीखोर सॉफ्टवेअर थोड्या वेळात पुष्कळ फायली बदलते, म्हणून नवी सुरक्षा साधने फाइलच्या मजकुरापेक्षा वागणुकीकडे पाहतात. बॅकअप किंवा लेखांकनाचा प्रोग्रॅमही रात्री हेच करतो. डिफेंडरमधली ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ ही सोय चालू असेल, तर अनोळखी प्रोग्रॅमला संरक्षित फोल्डरमध्ये लिहूच दिले जात नाही. अशा वेळी विषाणू सापडल्याची नोंद मिळत नाही. अडवणुकीच्या नोंदी वेगळ्या क्रमांकांच्या असतात आणि त्याच शोधाव्या लागतात.

## दोष डिस्कचा की दारातल्या तपासनीसाचा

हा या सगळ्याचा कळीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही, कारण वेळ दोन ठिकाणी मोजता येतो. डेटाबेस स्वतः नोंद ठेवतो की मागणी केल्यापासून उत्तर मिळेपर्यंत किती वेळ गेला; हे मोजमाप तपासनीसाच्या अलीकडून, कारकुनाच्या बाजूने झालेले असते. विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमधला ‘फिजिकल डिस्क’ या गटातला सरासरी वाचन-वेळ मात्र पलीकडून, मांडण्यांच्या बाजूने मोजलेला असतो. दोन्ही आकडे एकाच वेळेचे घ्यावेत. दोन्ही मोठे असतील, तर डिस्क, तिची केबल, कंट्रोलर किंवा स्टोरेजचे जाळे यांकडे वळावे. खालचा, म्हणजे डिस्कच्या बाजूचा, आकडा चार-पाच मिलिसेकंदांचा आणि वरचा, डेटाबेसच्या बाजूचा, दोनशेचा असेल, तर उरलेला वेळ मधल्या वाटेवर खर्च होत आहे, आणि त्या वाटेवर फिल्टर ड्रायव्हर बसलेले आहेत.

एसक्यूएल सर्व्हर याबाबत एक उघड इशाराही देतो. एखादी मागणी १५ सेकंदांपेक्षा जास्त रखडली, की तो आपल्या नोंदवहीत ८३३ क्रमांकाचा संदेश लिहितो आणि कोणत्या फाइलसाठी ते झाले हेही सांगतो. तो संदेश दिसला म्हणजे डिस्क खराब, असा समज सर्रास आढळतो. संदेश फक्त उशीर झाला एवढेच सांगतो. डिस्कचा दोष खरोखर असेल, तर विंडोजच्या सिस्टिम नोंदींत सहसा दुसऱ्या खुणा दिसतात: ७ क्रमांकाची नोंद खराब भागाबद्दल, १२९ ची नोंद उपकरण पुन्हा सुरू करावे लागल्याबद्दल, १५३ ची नोंद मागणी पुन्हा करावी लागल्याबद्दल. या नोंदी भरभरून असतील, तर तपासनीसाला दोष देऊ नये. आधी बॅकअप घ्यावा आणि डिस्क पाहावी.

वेळापत्रकही बोलके असते. त्रास रोज दुपारी एकलाच होतो का? त्या वेळी संपूर्ण तपासणी लावलेली आहे का? ज्या सोमवारी डे-एंड लांबला, त्याच्या आधीच्या शनिवारी सुरक्षा सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली होती का? हे प्रश्न विचारायला काही लागत नाही, तरी ते बहुधा शेवटी विचारले जातात.

## ‘आम्ही अँटिव्हायरस बंद करून पाहिला, काही फरक पडला नाही’

हे वाक्य ऐकून पुष्कळ तपास चुकीच्या दिशेला गेले आहेत. घड्याळाशेजारच्या चिन्हावर जाऊन संरक्षण थांबवले, की तपासनीस झडती घेणे थांबवतो. तो खुर्चीवरून उठत नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये तसाच राहतो, चिठ्ठ्या त्याच्याच हातून जात राहतात आणि दोष ड्रायव्हरमध्येच असेल, तर तोही तसाच राहतो. शिवाय बऱ्याच उत्पादनांत छेडछाड रोखण्याची सोय असते. ही सोय थांबवलेले संरक्षण काही वेळाने स्वतःहून पुन्हा चालू करते, आणि केंद्रीय नियंत्रण असेल तर धोरण पुन्हा लादले जाते. म्हणून बंद करून फरक पडला नाही, यावरून अँटिव्हायरस निर्दोष ठरत नाही.

खरी चाचणी अशी: चालू सर्व्हरवर नव्हे, तर त्याच्या चाचणीसाठी केलेल्या प्रतीवर, इंटरनेटपासून आणि बाकीच्या जाळ्यापासून वेगळे करून, त्या उत्पादकाने दिलेल्या साधनाने ते उत्पादन पूर्ण काढावे, यंत्र पुन्हा सुरू करावे, ‘एफएलटीएमसी’च्या यादीत त्याचे नाव नाही याची खात्री करावी आणि मग ठरावीक एकच काम वेळ लावून करावे. तेच काम उत्पादन परत बसवून पुन्हा करावे. दोन्ही वेळा किमान तीनदा मोजावे, कारण पहिल्या वाचनानंतर फायली स्मृतीत राहतात आणि दुसरे वाचन आपोआप वेगवान होते. या सगळ्याला अर्धा दिवस जातो, हे मान्य आहे. परंतु नव्या डिस्कचे बिल आणि अनेक रात्रींचे जागरण यांपेक्षा तो अर्धा दिवस स्वस्त आहे.

प्रत बनवणे शक्य नसेल आणि मुख्य सर्व्हरलाच हात लावावा लागणार असेल, तर त्याआधी ताजा बॅकअप आणि बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी किल्ली कागदावर हाताशी हवी. जुलै २०२४ मध्ये उपाय तसा सोपा होता: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. पण ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप होते त्यांना तिथे पोचण्यासाठी हीच किल्ली लागली, आणि ती किल्ली बंद पडलेल्या सर्व्हरवरच ठेवलेली असेल तर तिचा उपयोग काय?

## नेमकी कोणती फाइल, हे शोधणे

मायक्रोसॉफ्टचे मोफत मिळणारे प्रोसेस मॉनिटर हे साधन प्रत्येक फाइलची प्रत्येक मागणी, तिला लागलेला वेळ आणि तिचा निकाल टिपून ठेवते. ते स्वतःही एक फिल्टर ड्रायव्हरच आहे आणि अँटिव्हायरसच्या वरच्या पट्ट्यात बसते, त्यामुळे त्याने दाखवलेल्या वेळेत अँटिव्हायरसने घेतलेला वेळ धरलेला असतो. आपल्याला तेच हवे असते. निकालाच्या रकान्यात ‘शेअरिंग व्हायोलेशन’ किंवा ‘ॲक्सेस डिनाइड’ असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या आणि वेळेच्या रकान्यातल्या मोठ्या आकड्यांवर नजर टाकली, की त्रासातली फोल्डर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरतात. गर्दीच्या सर्व्हरवर हे साधन मिनिटभरच चालवावे. तासभर चालू ठेवल्यास तेच स्मृती खाऊन नवा अडथळा बनते.

डिफेंडर वापरत असाल, तर याहून सोपी वाट आहे. पॉवरशेल या विंडोजला आदेश देण्याच्या साधनात त्याच्या कामगिरीची नोंद सुरू करणारा आणि नंतर अहवाल देणारा आदेश आहे. कोणत्या फाइलवर, कोणत्या प्रकारच्या फायलींवर आणि कोणत्या प्रोग्रॅममुळे तपासणीचा सर्वाधिक वेळ गेला, हे तो क्रमाने सांगतो. बाकीच्या उत्पादकांची अशी साधने वेगवेगळी असतात. त्यांच्या मदत कक्षाकडे जाताना ‘सर्व्हर स्लो आहे’ असे लिहिण्याऐवजी फाइलचे नाव, वेळ, दोन्ही ठिकाणी मोजलेले आकडे आणि ‘एफएलटीएमसी’ची यादी जोडली, तर उत्तर येण्याचा वेग फार बदलतो.

## वगळणी कशी करावी

दोष सापडल्यावर उपाय बहुधा एक्सक्लूजन हाच असतो, म्हणजे ‘या वस्तूंची झडती घेऊ नये’ असे तपासनीसाला लिहून देणे. मायक्रोसॉफ्टने स्वतः एसक्यूएल सर्व्हरच्या एमडीएफ, एनडीएफ आणि एलडीएफ या डेटाच्या व व्यवहार-नोंदींच्या फायली वगळण्याचा सल्ला दिलेला आहे. हायपर-व्ही या एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत त्या यंत्रांच्या फायली वगळल्या नाहीत, तर ती यंत्रे सुरू होत नाहीत किंवा व्यवस्थापकाच्या यादीतून दिसेनाशी होतात, हेही तिने अधिकृतपणे नोंदवलेले आहे. त्या आभासी यंत्रांच्या आत आपापला अँटिव्हायरस चालू असतोच, त्यामुळे बाहेरून त्यांची अजस्र फाइल चाळण्याने फारसे काही हाती लागत नाही.

मात्र वगळणी हे दुधारी शस्त्र आहे. तपासनीस जिथे पाहत नाही ती जागा घुसखोराला प्रिय असते, आणि आत शिरल्यावर अशा जागा शोधणे किंवा स्वतःच नवी वगळणी लिहून घेणे हा त्याचा नेहमीचा उद्योग आहे. म्हणून संपूर्ण ड्राइव्ह, टेम्प फोल्डर किंवा सगळ्या तात्पुरत्या फायली कधीही वगळू नयेत. सॉफ्टवेअर पुरवणारे पुष्कळदा ‘सी ड्राइव्हवरचे आमचे अख्खे फोल्डर वगळा’ असे सांगतात. त्यांना विचारावे की त्यातल्या कोणत्या फायली, कोणत्या नावाच्या आणि का. वगळलेल्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार फक्त त्या सेवेच्या खात्यालाच ठेवावा आणि वगळणी असूनही उत्पादन त्या फोल्डरची वेळापत्रकानुसार तपासणी करत असेल, तर ती काम बंद असतानाच्या वेळेत ठेवावी. डेटाबेस चालू असताना रविवारी दुपारीसुद्धा ती नको.

प्रोग्रॅमची वगळणी या नावाने फसगत होते. डिफेंडरमध्ये एखादा प्रोग्रॅम अशा वगळणीत टाकला, तर त्या प्रोग्रॅमने उघडलेल्या फायली तपासल्या जात नाहीत. प्रोग्रॅमची स्वतःची फाइल तपासली जातेच. त्यामुळे डेटाबेसची सेवा वगळणे बऱ्याचदा योग्य असते आणि पॉवरशेल किंवा ब्राउझर वगळणे घातक. आणखी एक बाब: विंडोज सर्व्हर २०१६ पासून डिफेंडर सर्व्हरच्या भूमिकेनुसार काही वगळण्या आपोआप करतो, पण त्या मूळ ठिकाणच्या फायलींपुरत्या असतात. डेटा दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला, की ती सोय मागे राहते. ज्या संस्थेत अँटिव्हायरस आणि हालचालींवर पाळत ठेवणारे साधन अशी दोन अंगे आहेत, तिथे दोघांच्या वगळण्यांच्या याद्या वेगळ्या असू शकतात; एकीत लिहून दुसरी विसरली तर त्रास कायम राहतो.

## ‘मग ते काढूनच टाकले तर?’

हा आक्षेप मी मनापासून समजू शकतो, विशेषतः रात्री उशिरापर्यंत थांबलेल्या माणसाच्या तोंडून आला तर. पण सर्व्हरवर कोणी इंटरनेट उघडत नाही, म्हणून तो सुरक्षित आहे, हा समज महागात पडतो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हे विध्वंसक सॉफ्टवेअर युक्रेनमधल्या एका लेखांकन प्रोग्रॅमच्या अद्ययावतीतून पसरले आणि अंतर्गत जाळ्यांमधून धावत गेले. मर्स्क कंपनीच्या यंत्रणा त्यात सापडल्या आणि तिच्याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या न्हावा-शेवा बंदरातल्या टर्मिनलचे काम अडले. कंटेनरांचे काम संगणकाविना करण्याची वेळ आली. तिथे कोणी चुकीच्या दुव्यावर क्लिक केले म्हणून ते घडले नव्हते. पुण्यातल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणक यंत्रणांत ऑगस्ट २०१८ मध्ये शिरकाव करून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले, हेही आपल्या जवळचेच आहे. सहकारी संस्थांच्या सर्व्हरवर लोकांचे कष्टाचे पैसे असतात, म्हणून तिथला तपासनीस हाकलून देण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

अधिक वेगाची डिस्क घ्यावी, हा दुसरा नेहमीचा उपाय. तपासणीचा वेळ मुख्यतः प्रोसेसरवर आणि वाट पाहण्यात जातो. मांडणीतून दप्तर दुप्पट वेगाने निघाले, तरी दारातले पान चाळणे तेवढेच राहते.

## लिनक्सवर हे होत नाही ना?

होते, फक्त रूप बदलते. लिनक्स कर्नलमध्ये फॅनोटिफाय नावाची सोय २०११ पासून वापरात आहे. तिच्यामुळे कर्नलबाहेर चालणारा एखादा प्रोग्रॅम फाइल उघडण्यापूर्वी होकार किंवा नकार देऊ शकतो. तो उत्तर देईपर्यंत फाइल मागणारा प्रोग्रॅम थांबून राहतो. होकार देणारा प्रोग्रॅमच अडकला, तर त्याच्यामागे सगळे अडकतात: प्रक्रियांच्या यादीत ‘डी’ ही, म्हणजे न हलता वाट पाहण्याची, अवस्था दिसू लागते, प्रोसेसर रिकामा असूनही लोडचा आकडा चढत जातो आणि कर्नलच्या नोंदींत १२० सेकंदांहून अधिक काळ अडकलेल्या कामांचे इशारे येऊ शकतात. पुष्कळ जण हे पाहून डिस्क गेली असे ठरवतात. क्लॅमएव्ही या मुक्त अँटिव्हायरसमध्ये उघडतानाची तपासणी लावताना त्याच्या स्वतःच्या वापरकर्त्याला वगळणे बंधनकारक असते, कारण ते केले नाही तर तपासणीसाठी त्याने उघडलेली फाइलही तपासणीला येते आणि तपासनीस स्वतःच्याच होकाराची वाट पाहत बसतो.

## तपासनीसाला कर्नलबाहेर काढले तर?

ॲपलने २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून सुरक्षा साधनांसाठी कर्नलबाहेरची वेगळी वाट उपलब्ध करून दिली. जुलै २०२४ च्या घटनेनंतर मायक्रोसॉफ्टनेही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केले की सुरक्षा उत्पादनांना कर्नलबाहेर राहून काम करता यावे अशी व्यवस्था ती उभारत आहे. तसे झाले, तर एका चुकीच्या फाइलने संपूर्ण यंत्र पडण्याचा धोका पुष्कळ कमी होईल, आणि तेवढ्यासाठी हा बदल स्वागतार्ह आहे.

पतसंस्थेच्या डे-एंडला मात्र त्याने आपोआप दिलासा मिळणार नाही. उघडण्यापूर्वी विचारायचे, तर विचारणाऱ्याला थांबावेच लागते, मग उत्तर देणारा दाराच्या आत बसलेला असो की बाहेर; फॅनोटिफायमध्ये तो बाहेरच असतो आणि तरी मागे रांग लागते. त्या नव्या रचनेतही वरून मोजलेला वेळ आणि खालून मोजलेला वेळ यांतला फरक पाहावा लागेल, आणि एमडीएफ फाइल कोणी धरून ठेवली आहे हे आजच्यासारखेच शोधावे लागेल.